कपात चहाच आहे

थोरलीचा फोटो स्टुडिओ होता आणि तिला आपल्या नजरेचा भारी अभिमान होता. आता असेल एखादीला, त्यात वाईट काय? समोरच्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे, हे तो स्टुलावर टेकायच्या आत तिला कळायचं. "हनुवटी खाली. जरा म्हणजे जरा, झोपायचं नाहीये." असं म्हणत ती एक फोटो काढायची. मग "अजून एक," मग पुन्हा "अजून एक." ओळखपत्राचा एवढासा फोटो, पण माणूस कंटाळून खरा दिसायला लागेपर्यंत ती त्याला सोडायची नाही. मग कॉम्प्युटरवर बसून त्याच्या पुटकुळ्या पुसायची, डोळ्यांखालचं काळं उजळायची, सुजलेले गाल जागेवर बसवायची. लोक स्वतःचाच फोटो बघून खूश होऊन जायचे. अशी ही बाई. दिवसभर चेहरे वाचायची, आणि घरातला एक चेहरा तिला वाचता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

घरातला चेहरा म्हणजे तिच्या धाकट्या जावेचा. दोघी एकाच इमारतीत राहायच्या, थोरली खाली आणि धाकटी वर. सासूबाई सकाळी वर, संध्याकाळी खाली, जिथे भाजी बरी झाली असेल तिथे. थोरलीचे यजमान औषधांच्या कंपनीत फिरतीवर, घरी आले तरी पाहुण्यासारखे. दीर गोदामात पाळीने कामाला. थोरलीचा मुलगा शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागलेला. धाकटीला चार वर्षांची मुलगी, जी एवढी बडबड करायची की सगळे तिला ठमाबाई म्हणायचे आणि लाडात असले की ठमी. ठमी थोरलीला 'मोठी आई' म्हणायची.

धाकटी मुळातच नकलाकार. सकाळभर ती घरातूनच कुठल्याशा कंपनीच्या मदत-लाइनवर बसायची. कानाला यंत्र लावून, शिव्या देणाऱ्या लोकांना मधाळ आवाजात "आपली अडचण मी समजू शकते" म्हणायची आणि म्हणता म्हणता समोरच्या भिंतीला वेडावून दाखवायची. दुपारी खाली येऊन त्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. सासूबाई हसून हसून चष्मा काढून ठेवायच्या.

तर एका रविवारी ठमीचं केळं मोडलं. सोलता सोलता दोन तुकडे झाले आणि पोरीने घर डोक्यावर घेतलं. "जोडून दे! केळं जोडून दे!" धाकटी ओट्याला टेकून उभी होती, हातात तिचा तो मोठा निळा कप. तिने एक घोट घेतला, भिंतीकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाळा, केळं जोडता येत नाही. आईचं डोकंही जोडता येत नाही." थोरलीने सहज फोन काढून ते टिपलं होतं. दिराने ते गंमत म्हणून इंटरनेटवर टाकलं, आणि उठून बघतात तर काय, कुठल्या कुठल्या बायका पोट धरून हसत होत्या. खाली एकीने लिहिलं होतं, "त्या कपात काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे हो ताई!" तिच्याखाली दुसरीने, तिसरीने. झालं. दुसऱ्या व्हिडिओत धाकटीने कॅमेऱ्याकडे बघून एक भुवई उचलली आणि म्हणाली, "कपात चहाच आहे."

त्या भुवईने सगळा कारभार उभा केला. गावोगावच्या आया आपापल्या कपांचे फोटो पाठवायला लागल्या. "पोरं झोपली, आमचाही चहा सुरू." "आज दुपारीच चहा, विचारू नका." "माझा चहा फ्रिजमध्ये असतो, तुमचा?" थोरली ते वाचून खदखदा हसायची. कपात खरोखरच कोरा चहा असायचा, दूध घातलं की साय दिसते म्हणून कोरा. आपण जशी गंमत करतोय तशी सगळ्याच करत असणार, असं तिला वाटायचं. त्यांतल्या काहीजणी गंमत करत नसतील, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

काम मात्र त्या मन लावून करायच्या. दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं खाली यायचं. मागच्या खोलीत थोरलीने स्वयंपाकघराची भिंत उभी केली होती, फळी, डबे, खोटी खिडकी आणि खिडकीमागे दिवा, म्हणजे बाहेर ऊन आहे असं वाटावं. धाकटी सकाळची पाळी संपवून गाडीने यायची, कप आणि थर्मास घेऊन. शूटिंग आटोपलं की तशीच बालवर्गातून ठमीला आणायला जायची. संवाद थोरली लिहायची, कॅमेरा थोरलीचा, आणि हट्टही थोरलीचाच. "अजून एक. आधी घोट, मग भुवई. तू भुवई आधी उचलतेस." धाकटी कप भरायची, पुन्हा घोट घ्यायची. "अजून एक. घोट खरा घे, नुसता ओठाला लावू नकोस, कळतं ते." पुन्हा कप. पुन्हा घोट.

मध्ये थोडे दिवस असे आले की धाकटी कोमेजल्यासारखी झाली. नक्कल बसेना, बोलणं पोपटपंची वाटायला लागलं. ठमीला तेव्हा सारखा ताप येत होता, दिराची रात्रपाळी होती, धाकटीला झोप अशी नव्हतीच. आणि लोकांना तर रोज नवं काहीतरी हवं. थोरली चिडायची. "अगं, जीव ओत जरा. मेलेलं मांजर बरं." मग एक दिवस धाकटी आली ती फुलूनच. गाल लाल, डोळे चमकदार, तोंडातून शब्द असे सुटत होते की थोरलीला कॅमेरा धरून हसू आवरेना. "आज जमलं बघ!" ती म्हणाली. "रोज अशी येत जा." आणि धाकटी खरंच रोज तशी यायला लागली.

तोंडात कायम लवंग असायची. घसा धरतो, म्हणायची. थोरलीचं नाक बारा महिने चोंदलेलं, तिला लवंगेचाही वास येत नव्हता, तर बाकीचा कुठून येणार?

पण डोळे तर होते ना? डोळ्यांना दिसत होतं. पडद्यावर धाकटीचा चेहरा मोठा केला की गाल थोडे जास्तच फुगलेले, नाकाशी बारीक लाल रेघा, डोळ्यांच्या कडा ओल्या. "झोप होत नाही का गं?" तिने एकदा विचारलं. "ठमाबाई झोपू देतात का?" धाकटी म्हणाली. विषय संपला. थोरलीने डोळ्यांतला लाल रंग काढून टाकला, गाल आत घेतले, रेघा पुसल्या. हळूहळू ते तिच्या हाताला सवयीचं झालं. पोळी भाजताना आपण विचार करतो का, तसं.

सासूबाई मात्र एकदा म्हणाल्या, "धाकटी कशी दिसते गं हल्ली? तोंडाला पाणी धरल्यासारखं वाटतं."

"आई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय," थोरली म्हणाली. दोघी हसल्या. म्हातारीच्या कमी दिसणाऱ्या डोळ्यांना जे दिसलं, ते या चित्रगुप्तीणबाईंनी हसण्यावारी नेलं!

एके दिवशी काही केल्या जमत नव्हतं. साधं वाक्य होतं, "मी रागावलेली नाही, माझा चेहराच असा आहे," पण धाकटी मध्येच अडखळायची, 'चेहरा'च्या जागी 'चेला' म्हणायची आणि हसत सुटायची. थोरलीला आधी मजा वाटली, मग कंटाळा, मग राग. "अजून एक. लक्ष दे जरा!" किती वेळा म्हणाली त्याला हिशेब नाही. शेवटी कसंबसं एक बरं आलं. धाकटीने घड्याळ बघितलं, "बाई गं, ठमी!" म्हणत किल्ली उचलली आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेत निघूनही गेली. गडबडीत कप आणि थर्मास तिथेच.

थोरलीने दिवे बंद केले. ओरडून ओरडून घसा कोरडा पडला होता. फळीवर धाकटीचा कप होता, अर्धा भरलेला. चहा गार झाला असेल, पण असू दे, म्हणून तिने उभ्या उभ्याच मोठा घोट घेतला.

घशातून पोटापर्यंत आगच गेली. खोकता खोकता तिने कप फळीवर आदळला, त्यात बघितलं. रंग अगदी कोऱ्या चहाचा. थर्मास उघडून नाकाशी नेला, चोंदलेल्या नाकालाही तो वास आला. रम. थर्मास जवळजवळ रिकामा होता.

 तिला सुचलं ते एकच, की ही आत्ता गाडी चालवतेय. आणि येताना गाडीत ठमी असणार.

तिने धाकटीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग बालवर्गातल्या बाईंना लावला. या बाई म्हणजे हसऱ्या, गोल चेहऱ्याच्या, दोघींच्या जुन्या चाहत्या. "बाई, ठमीला तिच्या आईच्या ताब्यात देऊ नका. तिला थांबवून ठेवा. ती प्यायलेली आहे."

पलीकडे बाई जोरात हसल्या. "कळलं कळलं! कपात चहाच आहे ना?"

"बाई, गंमत नाही करत मी. खरंच दारू आहे. मी स्वतः चाखली."

"अगंबाई, तुम्हीसुद्धा?" बाईंना हसू आवरेना. फोन बाजूला धरून त्यांनी कुणाला तरी सांगितलेलं थोरलीला ऐकू आलं, "अहो, रेकॉर्डिंग चालू आहे त्यांचं, आपल्याला पण घेतायत बहुतेक!" मग पुन्हा फोनवर, "ताई, आमचं नाव टाका हं खाली."

थोरलीने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने शटर उघडं टाकून दुकान सोडलं. टॅक्सी मिळाली, नशीब. चालवणाऱ्याला ती सारखी म्हणत होती, "जरा लवकर हो दादा, जरा लवकर," आणि डोळे रस्त्याच्या कडांवर. कुठे गर्दी दिसतेय का, कुठे काचा दिसतायत का.  देवाला नवस बोलायची तिला सवय नव्हती, तरी बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही.

बालवर्गाच्या दारात गाडी उभी होती. धड. बाकीच्या आयांनी धाकटीला फोटोसाठी अडवून धरलं होतं, म्हणून. त्यांच्या प्रसिद्धीनेच तेवढा वेळ मिळवून दिला होता. आता मात्र फोटो आटोपले होते. ठमी मागच्या सीटवर पट्टा लावून बसली होती, धाकटी पुढे, इंजिन चालू.

थोरली काचेपाशी धावली. "ठमीला उतरव. किल्ली दे इकडे."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. क्षणभर तिचा चेहरा असा उतरला, की कॅमेऱ्यासमोर तसा कधी उतरला नव्हता. तिला कळलं होतं. मग तिने मागे बघितलं, दाराशी उभ्या बायका, बाई, सगळ्यांच्या हातात फोन. आणि तिची भुवई वर गेली.

"काय झालं ताई?" ती मोठ्याने म्हणाली. "कपात चहाच आहे!"

असा हशा उसळला म्हणून सांगू! थोरलीने उघड्या खिडकीतून हात आत घालून किल्ली धरायला बघितलं, धाकटीने काच वर घ्यायला सुरुवात केली. थोरलीने हात कसाबसा बाहेर काढला. बायका टाळ्या पिटत होत्या. "ही प्यायलेली आहे हो!" थोरली त्यांच्याकडे वळून ओरडली. "हिला गाडी चालवू देऊ नका! लेकरू आहे आत!" त्यावर आणखी मोठा हशा. बालवर्गाच्या बाई पोट धरून वाकल्या होत्या. एकजण फोन पुढे करत म्हणाली, "ताई, जरा इकडे बघून बोला ना, आवाज येत नाहीये."

लांडगा आला म्हणून रोज ओरडायचं, आणि ज्या दिवशी तो खरंच येतो त्या दिवशी लोक टाळ्या वाजवतात. त्यांचा काय दोष? त्यांना असं हसायला या दोघींनीच शिकवलं होतं.

गाडी हलली. थोरली पुढे गेली आणि गाडीसमोर, भर रस्त्यात, दुखऱ्या गुडघ्यांनी मांडी घालून बसली. दुसरं काय करणार? लोक शिट्ट्या मारायला लागले. धाकटीने हॉर्न दिला. थोरली हलली नाही. गाडी वीतभर पुढे आली. तिच्या तोंडावर इंजिनाची गरम हवा आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला धाकटीची भीती वाटली. तरी ती हलली नाही. काचेतून तिला ठमी दिसत होती. सगळे हसतायत म्हणून तीही हसत होती, टाळ्या वाजवत होती. मग तिला पुढच्या आरशात आईचा चेहरा दिसला असावा. ठमीच्या टाळ्या थांबल्या.

इंजिन बंद झालं. धाकटी दार उघडून उतरली, धड चालता येईना, बॉनेटला हात टेकत टेकत आली आणि थोरलीच्या शेजारी रस्त्यावर बसली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. "घरी सांगू नका," ती कानाशी म्हणत होती. "ताई, तुमच्या पाया पडते, घरी सांगू नका."

"काय रडते हो!" मागून कुणीतरी म्हणालं. "अगदी खरं वाटतं."

तिघी टॅक्सीने घरी आल्या.  

दीर संध्याकाळी घरी आला तो हसतच. कुठल्याशा आईने टाकलेला व्हिडिओ त्याच्या गोदामापर्यंत पोचला होता, तिथल्या माणसांनी लावून लावून बघितला होता. "वहिनी, आजवरचा सगळ्यात भारी! तुम्ही रस्त्यात बसलात काय, आणि ही रडली काय! तो टॅक्सीवालाही तुमचाच माणूस का?" त्याने फोन सासूबाईंसमोर धरला. सासूबाई बघता बघता हसायला लागल्या, डोळे पुसायला लागल्या. धाकटी कोपऱ्यात ठमीला मांडीवर घेऊन बसली होती. अंघोळ केलेली, केस ओले, तोंडात लवंग. तिने थोरलीकडे बघितलंही नाही.

थोरलीला वाटलं, आज राहू दे. उद्या आपण दोघी बसू, नीट बोलू, घरातल्या घरात काहीतरी काढू. धाकटी पाया पडली होती. आणि भाऊजी एकदा भडकले की ऐकत नाहीत, पोरीला घेऊन कायमचे खाली आपल्याकडे येतील, तेही तिला ठाऊक होतं. मग तिला ती वीतभर पुढे आलेली गाडी आठवली.

"भाऊजी, फोन ठेवा," ती म्हणाली. "ते खरं होतं."

"हो हो, खरंच वाटतं ना!"

"वाटत नाही. होतं. तिच्या थर्मासमध्ये रम होती. ती पिऊन गाडी चालवत होती. ठमी आत होती. किती दिवस चाललंय मला माहीत नाही."

दीर हसत राहिला, पण ते हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. "वहिनी, पुरे आता. मघाशी झालं ना." त्याने बायकोकडे बघितलं. "सांग ना तू यांना."

फोनमध्ये अजून हशा चालू होता. सासूबाईंनी चाचपडत बटण दाबून तो बंद केला. सगळे धाकटीकडे बघत होते. तिला खोटं बोलणं अगदी सोपं होतं. कप स्टुडिओत, थर्मास स्टुडिओत, आणि त्या खोलीतला एक माणूसही थोरलीवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. एक भुवई उचलली असती तरी पुरे होतं. 

"ताई खरं सांगतायत," धाकटी म्हणाली.

दीर मटकन खुर्चीवर बसला. "म्हणजे रोज?"

"रोज. हल्ली सकाळीही. फोनवर असते तेव्हा."

"अगं, पण..." तो थोरलीकडे वळला.  "वहिनी, तुम्ही रोज दोन-दोन तास हिच्यासमोर असता. तुम्हाला कळलं नाही?"

थोरली काही म्हणणार, तेवढ्यात धाकटीच बोलली. आवाज चढवून नाही. मदत-लाइनवरच्या आवाजासारखा मधाळही नाही. थकलेला, साधा आवाज, तो घरात कुणी ऐकलाच नव्हता.

"त्यांना दिसत होतं. त्यांना माणसाच्या तोंडावरची मुंगीसुद्धा दिसते. मी रात्री आमचे व्हिडिओ बघायची ना, तर त्यात माझे डोळे पांढरेशुभ्र. गाल आत. मी उठून आरशात बघायची, तर आरशात ही अशी. म्हटलं, म्हणजे ताईंना दिसतंय. पुसायचं तर आधी दिसावं लागतं. आज विचारतील, उद्या विचारतील, असं म्हणत वाट बघत राहिले. सांगायची हिंमत नव्हती, म्हटलं विचारलं तर सांगून टाकू." तिने नाक पुसलं. "पहिल्यांदा घेऊन आले त्या दिवशी हात कापत होते माझे. वाटलं, आता कळेल. आणि ताई म्हणाल्या, आज जमलं बघ. रोज अशी येत जा."

थोरली उभी होती ती भिंतीला टेकली. तिला म्हणायचं होतं की मला माहीत नव्हतं गं. पण ते पूर्ण खरं नव्हतं, आणि पूर्ण खोटंही नव्हतं, आणि तिच्याकडे तिसरं वाक्य नव्हतं. तिला धाकटीला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि तेवढंच तिथून पळून जावंसंही वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही.

"हे बाहेर कुणाला कळता कामा नये," दीर म्हणाला.

"बाहेर सगळ्यांनी बघितलंय रे," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. मग त्या उठल्या, धाकटीजवळ गेल्या आणि तिच्या ओल्या केसांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हात त्यांनी काढला नाही.

"उद्या मी रजा टाकतो," दीर म्हणाला. "डॉक्टरकडे जाऊ." धाकटीने मान हलवली. तिची बोटं मांडीवर थरथरत होती, ती तिने ठमीच्या पाठीमागे लपवली. ते थोरलीला दिसलं.

ठमी इतका वेळ गप्प होती, एवढी गप्प ती तापातही राहिली नव्हती. मोठ्यांचं बोलणं तिला किती कळलं देव जाणे. तिने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, उद्या मला शाळेतून आणायला कोण येणार?"

 दिराने बायकोकडे बघितलं, थोरलीने जमिनीकडे.

"तूच ये," ठमी म्हणाली. "गाडी नको. चालत ये. मी नाही दमणार."

धाकटीने लेकीला घट्ट धरलं. 

"मोठी आई येईल," ती म्हणाली. "आता रोज मोठी आईच येईल."

"नको!" ठमीने मान हलवली. "मला तू हवी. आई, तू म्हण ना, तू येते म्हण."

धाकटीने तसं म्हटलं नाही. ठमी रडायला लागली, आधी हळू, मग घर डोक्यावर घेऊन. थोरली पुढे झाली आणि तिने हात पसरले. ठमीने आईच्या गळ्यातली मिठी सोडली नाही, म्हणून धाकटीने स्वतःच तिची बोटं एक एक करून सोडवली आणि तिला थोरलीकडे दिलं.